आईजवळ बसायची शिक्षा

भावना तायडेच्या खांद्यावरच्या पिशवीत लोहाच्या गोळ्या असतात, थर्मामीटर असतं, ओआरएसची पाकिटं असतात आणि या सगळ्याच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेली, एक शिट्टी असते. पिंपळखुटीची ती आशाताई. वलगाव ओलांडून दर्यापूरच्या अंगाला थोडं आत वळलं की हे गाव लागतं. गावातली बाळंतपणं, लसी, म्हाताऱ्यांचं बीपी हे सगळं तिच्याकडे, आणि गावात होतील तेवढ्या फुटबॉल मॅचची रेफरीही तीच. दोन्ही कामांत फारसा फरक नाही असं तिचं म्हणणं आहे. दोन्हीकडे माणूस आधी छातीठोकपणे सांगतो की मला काही झालेलं नाही आणि मी काही केलेलं नाही.

फुटबॉल तिच्याबरोबर माहेराहून आला. माहेर अकोल्याचं, आणि घराच्या दारासमोरच मैदान. भाऊ खेळायचे, गडी कमी पडला की हिला गोलमध्ये उभं करायचे, आणि गोल झाला की हिलाच बोलायचे. त्या रागातून ती शिकली. शाळेच्या टीममधून अमरावतीला खेळून आली, एक साल कॅप्टनसुद्धा झाली. मग लग्न झालं. नवरा नागसेन अमरावती-अकोट गाडीवर कंडक्टर, माणूस शांत. सासरी फुटबॉलचं नाव काढायला कोणी नव्हतं, आणि तिनंही ते काढलं नाही.

पुढे शाळेवर एक मास्तर अकोल्याहून बदलून आले आणि येताना चेंडू घेऊन आले. गावात चेंडू आला, पण नियम काही त्याच्या मागे आले नाहीत. आठवडी बाजाराच्या मैदानात रोज संध्याकाळी पोरं खेळायची आणि रोज संध्याकाळी भांडायची. एकदा भावना पोलिओच्या थेंबांची पेटी घेऊन बाजूच्या रस्त्यानं चालली होती. एका पोरानं चेंडू एका हातानं आत फेकला. तिला ते बघवेना. पेटी खाली ठेवून ती तिथूनच ओरडली, "अबे, दोन्ही हातानं टाक, आणि पाय उचलू नको." पोरांनी मागं वळून पाहिलं. त्या दिवसापासून ती रेफरी आहे. तिची नेमणूक कोणी केली नाही आणि तिला काढायचा अधिकारही त्यामुळे कोणाकडे नाही.

गावात टीम दोन. एक जुन्या गावाची, म्हणजे वेशीच्या आत राहणाऱ्यांची, आणि एक स्टँडची, म्हणजे एसटी थांबते त्या बाजूच्या वस्तीची. वर्षभर किरकोळ मॅच होतात, पण खरी मॅच सव्वीस जानेवारीला. झेंडावंदन झालं की अख्खं गाव मैदानावर येतं, राखेनं सीमा आखतात, बांबूचे गोल उभे करतात, आणि बाया कडुनिंबाखाली पोती अंथरून बसतात. तो तुरीच्या सोल्याचा, म्हणजे हिरव्या दाण्यांचा, हंगाम असतो. बाया शेंगा सोलायला घेऊनच येतात, त्यामुळे मॅच कितीही रटाळ झाली तरी त्यांचा दिवस वाया जात नाही.

अशा गावात रेफरी होणं म्हणजे काय, ते रेफरीलाच ठाऊक. भावना गावाची सून. कोणाची वहिनी, कोणाची काकू, कोणाची मामी. अर्ध्याअधिक पोरांना तिनं पोलिओचे थेंब पाजलेले. शिट्टी वाजली की एक जण म्हणणार, "काकू, जाऊ द्या ना." दुसरा म्हणणार, "वहिनी, तुमाले शोभते का हे?" तिनं फर्मान काढलं की मैदानात काकू नाही, वहिनी नाही, फक्त रेफरी. पोरांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून 'रेफरी काकू' म्हणायला लागले.

मग तिनं कार्डं केली. खोक्याचा पुठ्ठा कापून एक पिवळं, एक लाल. पण पिवळं कार्ड म्हटलं की गावाला एकच माहीत, रेशनचं. तिनं पहिल्यांदा कार्ड वर धरलं तेव्हा मैदानाबाहेरून कोणीतरी म्हणालं, "घ्या, याले स्वस्त धान्य मंजूर झालं." ज्याला दाखवलं तो पोरगाही हसत सुटला. कार्डं तिनं घरी नेऊन चुलीत घातली.

खरा तोडगा निघाला तो रागाच्या भरात. जुन्या गावाचा नितेश तेव्हा नुकती मिसरूड फुटलेला. त्यानं मैदानात एकाला आईवरून शिवी दिली. भावनानं त्याचं मनगट धरलं, मैदान ओलांडून कडुनिंबाखाली नेलं आणि त्याच्या आईसमोर, गोदाबाईसमोर, उभं केलं. "वहिनी, हा घ्या. मायवरून बोलून राहिला. तुमी जा म्हणसान तवा पाठवा." गोदाबाईनं शेंगांचं ताट पोराच्या मांडीवर ठेवलं. मॅच संपेपर्यंत तिनं 'जा' म्हटलं नाही. गावची सगळी मुलं खेळत होती आणि नितेश पायांची घडी घालून तुरीच्या शेंगा सोलत होता. पुढच्या मॅचला शिवी ऐकू आली नाही.

तेव्हापासून पिंपळखुटीचा हा कायदा झाला. जो चुकेल त्यानं आईजवळ जाऊन बसायचं, आणि आई 'जा' म्हणेल तेव्हाच मैदानात परत यायचं. वेळ आईनं ठरवायची, त्यात रेफरी बोलणार नाही. आई नसेल तर आजी, आजी नसेल तर मोठी बहीण. मोबाईलचं दुकान चालवणारा प्रीतम, स्टँडचा कॅप्टन, दोन लेकरांचा बाप, तोसुद्धा एकदा बसला. त्याच्या आईला सुनेबद्दल बरंच बोलायचं होतं आणि पोरगा घरात हाती लागत नव्हता. ती सावकाश, मुद्द्यामागून मुद्दा बोलली, आणि आजूबाजूच्या बायांनी सोलणं थांबवून ते ऐकलं. प्रीतम परत आला तो इतका नीट खेळायला लागला की बघणाऱ्याला कीव यावी. पंचफुलाबाईचा श्याम, जुन्या गावाचा गोलकीपर, तर बसायची वेळ आली की रडकुंडीला यायचा. त्याची आई सगळ्यांसमोर पदरानं त्याचं तोंड पुसायची.

एवढा चांगला कायदा, पण त्याला एक भोक होतं, आणि ते भावनाच्या घरातच होतं.

तिचा सागर मोठा झाला आणि स्टँडच्या टीममध्ये आला. अंगानं सडपातळ, पायात वेग, पोलीस भरतीसाठी पहाटे उठून रस्त्यानं पळणारा. बचावात खेळायचा. पहिल्याच साली त्यानं एकाला मागून ढकललं. भावनानं शिट्टी वाजवली, हात कडुनिंबाकडे केला, आणि मग तिच्या लक्षात आलं की तिकडे सागरची आई नाही. सागरची आई मैदानाच्या मधोमध शिट्टी घेऊन उभी आहे.

त्या दिवशी त्याला काकूजवळ बसवलं. सुभद्रा, भावनाची मोठी जाऊ, मायाळू बाई. पोरगा जवळ आला तसा तिनं डब्यातून तिळाचा लाडू काढला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुले बसवते का थे? जा बापू, खेळ." सागर लाडू खात मैदानात परत आला. जुन्या गावानं जो गोंधळ घातला तो वलगावपर्यंत ऐकू गेला असेल.

त्यानंतर भावनानं त्याला कधी बसवलंच नाही. बसवायचं कुठे? त्याच्या बारीकसारीक चुकीलाही ती शिट्टी वाजवायची, दुसऱ्याला सोडून द्यावं तिथं त्याला धरायची, पण निंबाकडे हात जायचा नाही. जुनं गाव म्हणायला लागलं, रेफरीचा पोरगा आहे, त्याला कोण बसवते. आणि पोरं सागरला वेगळंच म्हणायला लागली. मैदानात तो बिनआईचा आहे, म्हणायची. सगळ्यांच्या आया निंबाखाली, याची तेवढी नाही. पोरांचं चिडवणं ते, पण सागर ते घरी घेऊन यायचा आणि जेवताना मान वर करायचा नाही.

या जानेवारीत ते बाहेर पडलं. रात्रीच्या पोळ्या चालल्या होत्या. सागर ताटावरून उठत म्हणाला, "आई, तू माही रेफरी आहे का माय आहे, ते एकदा ठरवून घे. नाहीतर पुढच्या साली मी वलगावच्या टीमकडून खेळतो."

"काहून? मी तुह्यावर अन्याय केला का?"

"तू माह्यावर काहीच केलं नाही," सागर म्हणाला आणि हात धुवायला गेला.

भावनाच्या तव्यावरची पोळी जळाली. नागसेननं ती काढून घेतली आणि खाल्ली, कारण अशा वेळी काय बोलावं ते त्याला समजत नाही, पण पोळी खावी हे समजतं. मग थोड्या वेळानं म्हणाला, "मी तं घरच्या माणसालेही तिकीट फाडतो. सागर गाडीत चढला का त्यालेही फाडतो. त्यात काय एवढं?"

"तुमचं बरं आहे," ती म्हणाली. "तुमाले तिकीट फाडलं का झालं. मी त्याची माय कुठून आणू?"

"मग शिट्टी सोड."

शिट्टी सोडायची म्हटल्यावर तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. गावात तिनं पुष्कळ केलं होतं, पण तिला स्वतःला आवडतं म्हणून केलेलं एवढंच एक. आणि दुसरीकडे पोरगा. तिनं दोन्ही बाजूंनी विचार केला आणि झोप काही लागली नाही.

तिसऱ्या दिवशी जुन्या गावानं प्रीतमच्या दुकानासमोर बैठक बोलावली. बोलायला जानराव. अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, दर मॅचला खुर्ची टाकून बसणारे. टीव्हीवर एकदा त्यांनी 'ऑफसाईड' हा शब्द ऐकला, तेव्हापासून चेंडू कुठेही असो, ते 'ऑफसाईड' ओरडतात. पिंपळखुटीत तो नियम लावतच नाहीत, कारण तो समजावताना एकदा मारामारी झाली होती.

"सूनबाई," जानराव म्हणाले, "तुह्यावर आमचा भरोसा आहे. पण नियम सगळ्याइले सारखा पाहिजे. तुह्या पोराले बसवायची वेळ आली तं कुठी बसवशीन? त्याच्या काकूजवळ चालणार नाही. थे लाडू देते."

सुभद्रा तिथंच होती. "एकदाच देल्ला," ती म्हणाली.

"याचा बंदोबस्त कर, नाहीतर आमी अमरावतीहून रेफरी आणतो. मग शिट्टी घरी ठेवजो."

सगळे भावनाकडे बघायला लागले. सागर दुकानाच्या पायरीवर बसून मोबाईलमध्ये डोकं घालून होता, पण बोटं हलत नव्हती. भावना म्हणाली, "बसवायची वेळ आली तं माह्या पोराले मी त्याच्या मायजवळच बसवीन. हे सगळ्याइनं ऐकून ठेवा. आता मले तीन घरी बीपी पाहायचं आहे."

ती निघून गेली. मागं लोक बराच वेळ एकमेकांना विचारत राहिले की म्हणजे नेमकं काय. खरं सांगायचं तर तिलाही ठाऊक नव्हतं.

सव्वीस तारखेला ऊन छान पडलं होतं. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली, आणि मॅच सुरू झाली. पहिला गोल जुन्या गावानं केला, मग प्रीतमनं डोक्यानं मारून बरोबरी केली आणि डोकं धरून खाली बसला. भावना सलवार-कमीजवर ओढणी कमरेला गच्च बांधून पळत होती. जानराव खुर्चीतून 'ऑफसाईड' म्हणत होते. सगळं नेहमीसारखं चाललं होतं आणि तिला वाटायला लागलं की यंदा निभावून जाईल.

मध्यंतरानंतर नितेशला चेंडू मिळाला. हा तोच नितेश, गोदाबाईचा, आता जुन्या गावाचा सगळ्यात वेगवान गडी. तो चेंडू घेऊन सुटला आणि समोर फक्त सागर उरला. दोघं खांद्याला खांदा लावून पळत होते. पळता पळता नितेश काहीतरी बोलला. सागरनं चेंडूकडे बघायचं सोडून दिलं आणि सरळ त्याच्या पायात पाय घातला. नितेश कोलांटी खाऊन राखेच्या रेषेवर पडला.

शिट्टी वाजली. निंबाखालच्या शेंगासुद्धा सोलायच्या थांबल्या.

भावना मैदानाच्या मध्ये उभी राहिली. तिनं सागरकडे पाहिलं. तो कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की तो वाट बघतोय. जुन्या गावाला फ्री किक देऊन आपल्याला यंदाही सोडून देते की काय, याचीच. मग ती चालायला लागली. ती सागरकडे गेली नाही. ती जानरावांच्या खुर्चीकडे गेली, गळ्यातली शिट्टी काढली आणि त्यांच्या गळ्यात घातली.

"घ्या आबाजी. आता तुमी रेफरी."

"मी?" जानराव म्हणाले. "मले कुठी येते?"

"एवढे वर्षं बसल्या जागून सांगून राहिले. उभ्यानं सांगा."

मग ती निंबाखाली गेली. गोदाबाई आणि पंचफुलाबाईच्या मध्ये पोत्यावर जागा होती. तिथं ती मांडी घालून बसली, कमरेची ओढणी सोडून नीट खांद्यावर घेतली आणि हाक मारली, "सागर, इकडे ये."

सागर आला. अख्खं गाव बघत होतं. तो येऊन तिच्या शेजारी बसला, थोडा लांब, मध्ये एक पायली ठेवता येईल एवढं अंतर ठेवून. गोदाबाईनं शेंगांचं ताट त्या अंतरात सरकवलं आणि तोंड दुसरीकडे केलं. सगळ्या बायांनी तोंडं दुसरीकडे केली आणि कान होते तिथंच ठेवले.

मैदानात जानरावांची फजिती सुरू झाली होती. एका बाजूनं प्रीतम, दुसऱ्या बाजूनं नितेश, दोघं एकाच वेळी बोलत होते. जानरावांनी घाबरून शिट्टी वाजवली, मग काय सांगायचं ते आठवेना म्हणून परत वाजवली. शेवटी फ्री किक दिली, नितेशनं ती मारली आणि चेंडू बांबूला घासून आत गेला. जुनं गाव नाचायला लागलं. जानराव त्यांचेच, पण त्यांनाही हसावं की रेफरीसारखं तोंड करावं ते ठरवता येईना.

निंबाखाली भावना सागरकडे बघत बसली. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांची पोरं आयांजवळ आणून सोडली आणि वळून मैदानात पळाली होती. पोतं अंथरून इथं बसलं की काय दिसतं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आज तिला कळलं की इथून मॅच दिसत नाही. चेंडू कुठं आहे, कोण कुठं पळतंय, काही नाही. आपलं पोरगं दिसतं. सागरच्या गुडघ्यावर जुनी खपली होती, ती कधीची ते तिला माहीत नव्हतं. मनगटं तिच्या वडिलांसारखी रुंद होत चालली होती. हे सगळं तिच्या नकळत झालं होतं.

"काय म्हणलं त्यानं तुले?" तिनं विचारलं.

सागरनं एक शेंग उचलली. "सोड ना."

"सागर."

"म्हणे, तुही माय साऱ्या गावाची आहे. तुही एकट्याची नाही."

"आणि म्हणून तू त्याले पाडलं?"

सागरनं शेंग सोलली. दाणे ताटात टाकले. "खरं बोलला म्हणून पाडलं."

भावनाला ते लागलं. लागायलाच पाहिजे होतं. कोणाची सून अडली की ती निघाली, कोणाचं लेकरू तापलं की निघाली, आणि सागर सुभद्राच्या घरी जेवून तिथंच झोपला, असे किती दिवस गेले. पोरगं तक्रार करत नाही म्हणजे त्याचं बरं चाललंय, असं तिनं धरून घेतलं. आणि संध्याकाळी मैदानावर, जिथं तो रोज असायचा, तिथंही ती शिट्टी गळ्यात घालून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

"खरं आहे बापू," ती म्हणाली. "तो खोटं नाही बोलला."

इतक्यात शेजारून गोदाबाई उठून उभी राहिली. तिच्या कानावर सगळं पडलं होतं. तिनं मैदानाकडे तोंड केलं आणि हाक मारली, "नितेश, इकडे ये. बस."

नितेश थांबला. "मी काय केलं?"

"तू आधी बस. काय केलं थे मी सांगतो."

"आबाजी, हे चालते का?" जुन्या गावाची पोरं जानरावांच्या अंगावर धावली. "रेफरीनं नाही बसवलं त्याले. मायनं परस्पर बसवलं."

जानरावांनी कपाळाचा घाम पुसला. नियमात असं काही नव्हतं. पण गोदाबाईकडे बघितल्यावर त्यांना नियम सुचला. "मायनं बोलावलं तं जा लागते," ते म्हणाले. नितेश खाली मान घालून आला आणि गोदाबाईच्या पलीकडे बसला. तिनं त्याला काय सांगितलं ते हळू आवाजात होतं. त्याचे कान लाल झालेले मात्र सगळ्यांना दिसले. थोड्या वेळानं तो वाकून म्हणाला, "काकू, चुकलं माहं."

"शेंगा घे," भावना म्हणाली.

हे बघून पंचफुलाबाईलाही हुरूप आला. "श्याम, तू बी ये रे. तुह्याशी बोलायचं होतं मले," ती म्हणाली. जानरावांनी मैदानातूनच दोन्ही हात जोडले. "पंचफुलाबाई, गोलकीपर आहे थो. मॅच होऊ द्या." पंचफुलाबाई मोठ्या मनानं खाली बसली. बाया इतक्या हसल्या की शेंगांची टोपली कलंडली.

मॅच संपत आली. जुनं गाव एका गोलनं पुढे होतं आणि स्टँडला सागरची गरज होती. प्रीतम धावत निंबापर्यंत आला. "ताई, सोडा ना त्याले. मॅच चालली आपल्या हातची. लय झालं आता."

सगळं गाव परत तिच्याकडे बघायला लागलं. तिनं आता 'जा' म्हटलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. श्यामच्या आईनं त्याला याहून लवकर सोडलं होतं, प्रीतमच्या आईनंही. शब्द तोंडापर्यंत आला होता. आणि तिच्या लक्षात आलं की सागर बोलत होता. केव्हा सुरू झाला ते तिलाही कळलं नव्हतं. भरतीच्या मैदानावर अमरावतीला एक पोरगा भेटला, तो अंजनगावचा, त्याच्याबरोबर पुढच्या महिन्यात परीक्षेला जायचं आहे, लेखीची भीती वाटते, रात्री अभ्यासाला बसलो की झोप येते. साधं, घरचं बोलणं. जेवताना मान वर न करणारा पोरगा शेंगा सोलता सोलता सांगत होता, आणि मधलं ताट केव्हाच मांडीवर गेलं होतं.

"ताई," प्रीतम म्हणाला.

"नाही सोडत," भावना म्हणाली.

प्रीतम कपाळावर हात मारून परत गेला. मैदानाबाहेर जुन्या गावाची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. पाहा, याला म्हणतात रेफरी. पोटचा पोरगा, टीम हरतेय, तरी सोडत नाही. जानरावांनी पळता पळता ते ऐकलं आणि त्यांनीही मान डोलावली. गावभर त्या दिवशी तिच्या न्यायाची वाहवा झाली. पुढेही होत राहिली, आणि अमरावतीहून रेफरी आणायचं नाव मग कोणी काढलं नाही. खरं काय ते तिचं तिलाच माहीत होतं. इतक्या वर्षांत मैदानावर तिनं कोणाला झुकतं माप दिलं नव्हतं, आणि आज दिलं होतं, सगळ्या गावासमोर, स्वतःला.

जानरावांनी शेवटची शिट्टी वाजवली ती थोडी लवकरच, कारण त्यांचा दम संपला होता. स्टँड हरलं. प्रीतम परत आला तो तणतणतच. "पाहा ताई, तुमच्यापायी हरलो. एवढा वेळ कोणी बसवते का पोराले?"

भावना काही बोलायच्या आत सागर म्हणाला, "माय आहे माही. तिले वाटन तवा सोडन." आणि ताटातल्या दाण्यांमधली टरफलं वेचायला लागला.

लोक पांगायला लागले. नितेश बांबू उपटायला गेला, बायांनी पोती झटकली. जानराव घामानं भिजलेली शिट्टी हातात धरून आले. "घे सूनबाई. लय कठीण आहे हे. मी आता खुर्चीतूनच बरा." तिनं शिट्टी घेऊन पिशवीत टाकली. सुभद्रा घरी चलायची खूण करून पुढं गेली. ऊन कललं आणि निंबाखाली दोघंच राहिली.

"आई," सागर म्हणाला, "तू मले अजून जा म्हटलं नाही."

"माहीत आहे मले," भावना म्हणाली आणि उरलेल्या शेंगा ताटात ओतल्या.